गिरणगावाच्या अंगावरचे मांस

माणसाचे अंग कमी होण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. माणूस खंगतो, वाळतो, रोडावतो, झिजतो. त्याचे गाल बसतात, खुब्याची हाडे दिसू लागतात, आणि ‘नुसती हाडं-कातडं उरलीत हो’ असे शेजारीण दारातून सांगून जाते. लालबाग-परळच्या चाळींत यांतला प्रत्येक शब्द मी ऐकला आहे. पण हे सगळे शब्द आजाऱ्यासाठी किंवा उपाशी माणसासाठी वापरले जात. घरातल्या म्हाताऱ्याचे दंड सैल पडले, मांड्या काटकुळ्या झाल्या, तर त्याला वेगळे नाव नव्हते. ‘वय झालं’ म्हटले की विषय संपत असे.

वैद्यकातही फार वेगळे नव्हते. चरकसंहितेत मांसक्षयाचे वर्णन आहे. नितंब, मान आणि पोट सुकत जाणे ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. पण तिथे तो एका धातूचा क्षय म्हणून येतो, वार्धक्याची स्वतंत्र व्याधी म्हणून नव्हे. इंग्लंडमध्ये मॅकडोनल्ड क्रिचली या मेंदूतज्ज्ञाने १९३१ साली वृद्धांचे स्नायू, विशेषतः हातापायांचे, कसे सुकतात हे नोंदवले होते. तरी नावासाठी १९८८ साल उजाडावे लागले. अमेरिकेत अल्बुकर्की इथे भरलेल्या एका बैठकीत आयर्विन रोझेनबर्ग म्हणाले की, वयाबरोबर इतक्या ठळकपणे घटणारी दुसरी गोष्ट शरीरात नाही आणि नाव नसल्यामुळे तिच्याकडे कोणी बघत नाही. त्यांनी सुचवलेला शब्द पुढच्या वर्षी छापून आला: सार्कोपेनिया. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव, गरिबी. ग्रीक कथांत दारिद्र्याच्या देवतेचे नावही पेनियाच आहे. शब्दशः पाहिले तर ‘मांसाची गरिबी’. हा अर्थ वाचला तेव्हा मला वाटले, रोझेनबर्गसाहेबांनी नकळत आमच्या भागाचेच वर्णन केले आहे.

मी डॉक्टर नाही. नोकरी सांभाळून गेली वीस-बावीस वर्षे गिरणगावातल्या व्यायामशाळा आणि चाळी यांचे कागद गोळा करतो आहे. स्मरणिका, पावतीपुस्तके, बक्षीससमारंभाचे फोटो, सरकारी अहवाल. फोटोत उघड्या अंगाने, हाताची घडी घालून, छाती काढून उभी असलेली पंचवीस-तीस वर्षांची मुले असतात. त्यांच्यातल्या काहींना मी पुढे म्हातारपणी ओळखत होतो. जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी चढणारी ती माणसे आणि फोटोतली ती मुले यांच्यामध्ये काय घडले, हा माझा प्रश्न. ‘वय’ हे त्याचे उत्तर आहे, पण ते पुरे नाही.

आधी वयाचा वाटा किती ते पाहू, कारण तो आहेच. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये यान लेक्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ ते ८३ वयाच्या ४३ पुरुषांच्या मांडीच्या स्नायूचे, त्यांच्या मृत्यूनंतर, आडवे काप घेऊन त्यातले तंतू मोजले. ही सगळी माणसे आधी धडधाकट होती. घट पंचविशीच्या आसपासच सुरू झालेली दिसली. पन्नाशीनंतर ती वेग घेते, आणि विशीपासून ऐंशीपर्यंत तो स्नायू सुमारे ४० टक्क्यांनी आकसतो. महत्त्वाचे म्हणजे तंतू नुसते बारीक होत नाहीत, ते संख्येनेच कमी होतात.

हे का होते? प्रत्येक स्नायूतंतूला पाठीच्या कण्यातल्या एका चेतापेशीकडून हुकूम येतो. एक चेतापेशी शेकडो तंतूंची मुकादम असते असे समजा. साठीनंतर या मुकादम पेशी मरू लागतात. अनाथ झालेल्या तंतूंपैकी काहींना शेजारचा मुकादम आपल्या पाळीवर घेतो. ज्यांना कोणी घेत नाही ते सुकून जातात. स्नायूंत दोन जातींचे तंतू असतात: सावकाश आणि बराच वेळ काम करणारे, आणि झटक्यात जोर लावणारे. आधी जातात ते झटक्याचे. म्हणून एखादे आजोबा परळहून दादरच्या बाजारापर्यंत रमतगमत चालत जातात, पण ओल्या मोरीत पाय सटकला तर त्यांना स्वतःला सावरता येत नाही. सावरायला लागणारा तो अर्ध्या सेकंदाचा जोर आधीच गेलेला असतो. मांस वर्षाला साधारण एक टक्क्याने घटते, तर ताकद दोन-तीन टक्क्यांनी. ताकद मांसाच्या पुढे पळते.

याखेरीज बाकीची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. स्नायू रोज मोडतो आणि रोज बांधला जातो. तरुणपणी थोड्या प्रथिनांवरही बांधकाम चालते. म्हातारपणी तेच काम व्हायला जास्त प्रथिने लागतात, कारण शरीर त्या हाकेला लवकर ओ देत नाही. वाढीची आणि पुरुषत्वाची संप्रेरके ओसरतात. ‘ड’ जीवनसत्त्व कमी असेल तर स्नायू दुबळे राहतात. मधुमेहात इन्सुलिनचा प्रभाव उरत नाही, आणि इन्सुलिन स्नायूंची झीज रोखण्याचेही काम करते, म्हणून मधुमेही माणसाचे पाय लवकर बारीक होतात. अंगात सतत धुमसणारी बारीक जळजळ, दमेकऱ्याची धाप, दातांचा अभाव आणि या सर्वांवर मात करणारे एक कारण, ते म्हणजे बसून राहणे.

आता वयाची बाजू बाजूला ठेवून गिरणगावात येऊ.

१९२१-२२ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने शहरातल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. त्या खात्याचे प्रमुख होते जी. फिंडले शिरास. अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. रुक्ष आकड्यांच्या या पुस्तकात एक निष्कर्ष असा आहे की तो वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून ठेवले. मुंबईच्या कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळी कामांच्या नियमावलीने ठरवलेल्या कमाल प्रमाणाइतके आहे, पण मुंबई इलाख्यातल्या तुरुंगांच्या नियमपुस्तिकेने कैद्याला जे द्यायला सांगितले आहे त्यापेक्षा कमी आहे. म्हणजे दिवसाचे दहा तास साच्यावर उभा राहणारा माणूस भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्याहून कमी खात होता, आणि हे म्हणत होते सरकारच. कमाईतला निम्म्याहून अधिक पैसा खाण्यावर जाऊनही ही स्थिती होती. यानंतर अहवालांमागून अहवाल आले, पण इतके सरळ वाक्य पुन्हा कोणी लिहिले नाही.

कामगारांनी ही गोष्ट आपल्या परीने आधीच ओळखली होती. १८८४ साली परळला नारायण मेघाजी लोखंडे यांनी भरवलेल्या सभेत मागण्या होत्या त्या रविवारच्या सुट्टीच्या आणि दुपारी अर्ध्या तासाच्या विश्रांतीच्या. दुपारी बसून भाकरी खाता यावी यासाठी अर्ज करावा लागत होता. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. १९०८च्या फॅक्टरी कमिशनमध्ये डॉ. टी. एम. नायर या एकट्या सदस्याने भिन्नमतपत्रिका जोडून प्रौढ पुरुषांच्याही कामाचे तास कायद्याने बांधावेत असा आग्रह धरला. ते डॉक्टर होते, हे मला इथे महत्त्वाचे वाटते.

भाकरी, आमटी, भात, कधी सुकट, कधी बोंबील. सुक्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात, आणि कोकणातून आलेल्या कामगाराला हे गरिबाचे मांस परवडत असे. घाटावरून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेल्याला तेवढीही सवय नसे. त्याची मदार डाळीवर, आणि महागाईत पहिली पातळ होते ती आमटी. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले, ते पुढे कुठल्या ना कुठल्या रूपात राहिले. रेशनवर धान्य मिळते, साखर मिळते. म्हणजे पोट भरेल, पण मांस भरणार नाही.

कोणी म्हणेल, तरुणपणी काय खाल्ले याचा ऐंशीव्या वर्षीच्या मांडीशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो एका जुन्या चोपड्यांच्या गठ्ठ्यातून उघड झाला. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात १९११पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य परिचारिकेच्या शिस्तीत प्रत्येक मुलाचे जन्मवेळचे आणि पहिल्या वाढदिवसाचे वजन चोपडीत लिहिले जाई. कित्येक दशकांनी त्या चोपड्या संशोधकांच्या हाती लागल्या. १९२०-३०च्या दरम्यान जन्मलेली ती मुले तोवर म्हातारी झाली होती. त्यांना शोधून अव्हान आयही सेयर आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या हाताची पकड मोजली. वर्षाचे असताना ज्यांचे वजन कमी होते, त्यांची मूठ सत्तरीच्या आसपास सैल होती. पुंजी आईच्या पोटात आणि पाळण्यात साठते, आणि उतारवयात माणूस ती खर्चत राहतो. ज्याच्याकडे मुळात कमी, तो लवकर तळाला पोचतो.

मुंबईचा पाळणा कसा होता? १९२१ साली शहरात नोंद झालेल्या हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. बाळंतपणे गावी होत, नोंदी अर्धवट असत, हे दोष धरूनही आकडा भयंकर आहे. कामगारांची जवळजवळ सगळी कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. जी मुले त्यातून वाचली, ती वाचली. पण कोणत्या वजनाने?

याचे उत्तर बरेच नंतर पुण्याहून आले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की आपल्याकडची बाळे सरासरी २.७ किलोची असतात, इंग्लंडमधल्या साउदम्पटनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत कमी पडलेले वजन मुख्यतः मांसाचे आणि आतल्या अवयवांचे असते, चरबी तशीच राखलेली असते. २००४ साली ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचेही उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के, युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के. वरून सडसडीत दिसणाऱ्या मराठी माणसाच्या कातडीखाली मांस कमी आहे, हे इतक्या हसतखेळत दुसऱ्या कोणी सांगितले नसेल. (परळचे केईएम आणि पुण्याचे केईएम ही दोन वेगळी रुग्णालये. आमच्याकडे ‘केईएम’ म्हटले की परळ, १९२६ साली उभे राहिलेले, हे सांगायला नको.)

गिरणीतले काम मेहनतीचे होते, मग त्याने मांस का वाढले नाही, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. गोदीतल्या हमालाचे अंग आणि साचेखात्यातल्या विणकराचे अंग शेजारी ठेवा. स्नायू वाढतो तो जड ओझ्याशी झोंबून, मग विश्रांती घेऊन, मग पोटभर खाऊन. विणकराचे काम म्हणजे दोन साच्यांच्या मध्ये उभे राहून तुटलेला धागा सांधणे, धोटा बदलणे, आणि परत फिरणे. दमवणारे काम, पण ओझ्याचे नव्हे. १९२८ साली मालकांनी दोनाऐवजी तीन साचे आणि रिंगखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायची योजना आणली, आणि तिच्याविरुद्ध सहा महिने संप चालला. त्या संपाचा इतिहास मजुरी आणि नोकरकपातीच्या अंगाने लिहिला गेला, ते बरोबरच आहे. पण एका माणसाच्या दोन पायांनी पाळीत किती चालायचे, हाही त्यातला प्रश्न होता.

शिवाय छाती. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळते. पुढे ती रोजच आवळू लागते. कामगार भरपाईच्या कायद्यात हा आजार व्यवसायजन्य म्हणून नोंदला आहे. धाप लागणारा माणूस हालचाल टाळतो, हालचाल टाळली की पाय बारीक होतात, पाय बारीक झाले की थोड्या चालण्यानेही धाप लागते. आणि ज्याला आपण सरळ ‘क्षय’च म्हणतो, तो टीबी. शिवडीच्या इस्पितळाचे नाव आमच्या लहानपणी कोणी मोठ्याने घेत नसे. त्यातून बरा होऊन आलेला माणूस बरा होई, पण गेलेले मांस पूर्ण भरून येतेच असे नाही.

या सगळ्याला एक उत्तर याच भागाने शोधले होते, ते म्हणजे तालीम. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवस्तीचा जो इतिहास लिहिला त्यात आखाडे आणि व्यायामशाळांना मोठी जागा आहे. पण तिथे त्या येतात मोहल्ल्यातल्या सत्तेचे, दादा लोकांचे ठाणे म्हणून. ते खरेच आहे. मात्र तालमीच्या आत काय चालते हेही पाहायला हवे. जोर, बैठका, मुद्गल, करेला, मल्लखांब. बैठक म्हणजे मांडी आणि नितंबाचा व्यायाम. चरकाने जिथला क्षय पहिल्यांदा सांगितला, नेमके तिथलेच मांस. १९२५ साली दादरला पु. ल. काळे गुरुजींनी समर्थ व्यायाम मंदिर सुरू केले, ते आज शिवाजी पार्कवर शंभरीला पोचले आहे आणि मल्लखांब तिथून जगभर गेला आहे. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत काढला. एवढी मोठी परंपरा, पण ती तरुणांची. लग्न झाले, पाळी लागली, पोरे झाली की तालीम सुटे. ‘तालीम सुटली की अंग सुटतं’ असे वस्ताद म्हणत. अंग सुटणे म्हणजे चरबी येणे. तिच्या आत मांस आटत चालले आहे हे पोटाच्या घेरामुळे दिसत नसे. आजचे डॉक्टर या जोडगोळीला फार घातक मानतात. चाळिशीनंतरच्या माणसाने बैठका माराव्यात ही कल्पनाच आपल्याकडे चेष्टेची होती. म्हातारा लंगोट लावून आला तर पोरे हसत.

मग १८ जानेवारी १९८२ आली. अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले आणि त्यांतले बहुतेक परत कधी खात्यात शिरले नाहीत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी या माणसांच्या तोंडून गिरणगावाची कथा लिहून ठेवली आहे. पगार गेला, मुलांची शिक्षणे थांबली, भांडी विकली गेली, हे आपल्याला माहीत आहे. मला त्या वर्षांत शरीराचे काय झाले हे पाहायचे आहे. पस्तीस-चाळीस वर्षांचा माणूस, म्हणजे घट नुकती सुरू झालेली, पण अजून राखता येण्याजोगी. त्याच वेळी त्याच्या ताटातली डाळ पातळ झाली, मटणाचा रविवार गेला, आणि रोजचे आठ तासांचे उभे राहणे, चालणे थांबले. काही गावी गेले, शेतात राबले. त्यांचे पाय टिकले असावेत असे मला वाटते. मुंबईत राहिलेल्यांपैकी काहींनी भाजी विकली. आमच्या चाळीतल्या तिघांना इमारतींवर वॉचमनची नोकरी मिळाली: बारा तास, गेटवरची खुर्ची. साच्यापुढे उभे राहून ज्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बसायला खुर्ची मिळाली, आणि तिनेच पुढची वीस वर्षे त्यांच्या मांड्या खाल्ल्या. त्या वेळी पस्तिशीत असलेली ही माणसे आज ऐंशीला टेकली आहेत.

बसणे किती महाग पडते हे २००७च्या एका अमेरिकी प्रयोगात मोजले गेले. निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस गेले. या आकड्याची आठवण मला दरवेळी होते, जेव्हा कोणी म्हाताऱ्याला तापानंतर ‘आता महिनाभर नुसता आराम करा’ असे सांगितले जाते. माझ्या घरातल्या एका वडीलधाऱ्यांना असाच सल्ला मिळाला होता. महिना संपला तेव्हा ताप केव्हाच गेला होता, पण खाटेवरून उठायला दोन माणसे लागत होती. ते पुन्हा जिना उतरले नाहीत.

बायकांचे प्रकरण याहून अवघड आहे, आणि कागदांत ते जवळजवळ नाही. १९२०च्या दशकात गिरण्यांत साधारण पाचांतली एक कामगार बाई होती, रिळिंग-वाइंडिंगमध्ये; १९७०च्या दशकापर्यंत त्यांची संख्या अगदी नगण्य झाली. गिरणीतून बाहेर पडलेल्या या बायकांनी खाणावळी चालवल्या, पंधरा-वीस माणसांचे डबे केले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते अशाच खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी. या बायकांनी अर्ध्या गिरणगावाला जेवू घातले आणि स्वतः शेवटी जेवल्या. शेवटी जेवणाऱ्याच्या वाटीत आमटीचे पाणी येते, डाळ नाही. त्यात उपवास, त्यात विधवेने एक वेळ जेवण्याची रीत, त्यात मिश्रीने हललेले दात. साठीनंतर रात्री ‘मला काही नको’ म्हणून चहा-बटरवर झोपणाऱ्या आज्या मी घरोघरी पाहिल्या आहेत. कपभर चहा आणि दोन बटर म्हणजे तीन-चार ग्रॅम प्रथिने. वृद्धाचा स्नायू बांधला जाण्यासाठी एका जेवणात पंचवीस-तीस ग्रॅम लागतात असे या विषयातले जाणकार सांगतात. दिवसाचा हिशेब किलोमागे एक ते १.२ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय हा हिशेब करू नये.)

तरी या बायका पुष्कळ वर्षे ताठ राहिल्या, त्याचे कारण त्यांची घरे. बीडीडी चाळींचे उदाहरण घ्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १९२०च्या दशकात बांधलेल्या. तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, संडास सामाईक. हालअपेष्टांची घरे, त्यांचे गोडवे गायचे मला कारण नाही. पण त्यात लिफ्ट नव्हती. तीन जिने दिवसातून चार वेळा, हंडा-कळशी, जमिनीवर बसून पाटा-वरवंटा, जमिनीवर जेवण, उकिडवे बसायचा संडास. जमिनीवरून हात न टेकता उठणे ही एक बैठकच आहे, आणि ती बाई दिवसाला पन्नास वेळा मारत होती. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या टॉवरांच्या चाव्या रहिवाशांना मिळाल्या: ५०० चौरस फूट, लिफ्ट, घरात संडास. शंभर वर्षांनी न्याय झाला. मात्र त्याच दिवशी घरातल्या म्हाताऱ्यांच्या पन्नास बैठका बंद झाल्या, आणि त्यांच्या जागी काहीच आले नाही.

गेलेले परत येते का? थोडे येते, आणि हे ‘थोडे’ फार मोलाचे आहे. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोन यांनी सरासरी नव्वद वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. नव्वदीत. या आजारासाठी आजही सर्वमान्य असे औषध बाजारात नाही. रंगीत डब्यांतल्या पावडरींच्या जाहिराती आहेत, पण वजनाशी झोंबल्याशिवाय ती पावडर मांस होत नाही. वस्तादाला हे कोणी शिकवायची गरज नव्हती: आधी मेहनत, मग खुराक.

निदानही सोपे झाले आहे. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली आपल्या अंगकाठीला धरून आकडे ठरवले. हाताची पकड पुरुषाची २८ किलोहून कमी आणि बाईची १८ किलोहून कमी असेल, किंवा हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पुढची तपासणी करावी. पोटरीचा घेर पुरुषात ३४ आणि बाईत ३३ सेंटिमीटरच्या खाली असेल तरी सावध व्हावे. शिंप्याची टेप पुरते. आपल्या देवनारच्या लोकसंख्या संस्थेने २०१७-१८ साली देशभरातल्या ७२ हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली, त्यात पकडही मोजली आहे. म्हणजे मुठीला आता सरकारदरबारी स्थान आहे.

गेल्या हिवाळ्यापासून लालबागच्या एका जुन्या व्यायामशाळेत सकाळी अकरा ते बारा ही वेळ साठीपुढच्यांसाठी ठेवली आहे. तरुण पोरे तेव्हा कामावर असतात, त्यामुळे हसायला कोणी नसते. मी हातात घड्याळ घेऊन बसतो. पहिल्या दिवशी आलेल्या अकरा जणांपैकी आठ जणांना पाच उठबशांना १२ सेकंदांहून जास्त लागले. एकाला तिसऱ्या वेळी उठताच आले नाही. तो साचेखात्यातला माणूस. आता ते सगळे खुर्चीमागे उभे राहून, पाठ धरून, दहा-दहाच्या तीन फेऱ्या बैठका काढतात, आणि मग दीड किलोचा पोरांचा करेला दोन्ही हातांनी फिरवतात. निघताना प्रत्येकाला दोन उकडलेली अंडी, माळकऱ्यांना मुठभर भाजलेले चणे आणि शेंगदाणे. तिसऱ्या उठबशीला अडकलेले गृहस्थ दिवाळीच्या आधी चौदा सेकंदांवर आले.

त्यांची बायको त्यांना सोडायला येते आणि तासभर बाहेर ओट्यावर बसते. परवा तिने विचारले, ‘भाऊ, आमची वेळ कुठली?’ व्यायामशाळेच्या घटनेत स्त्रियांना सभासदत्व नाही. पुढच्या महिन्यात सभा आहे.